दोन घरं हातची गेली, आता किती वर जाऊ?

प्रश्न : ताई, मी आणि नवरा दोघंही नोकरी करतो, पहिलंच घर घेतोय. दोन महिन्यांत दोन घरं गेली, दोन्ही वेळा कुणीतरी आमच्यापेक्षा जास्त ऑफर दिली. आता तिसरं मनात भरलंय आणि एजंट म्हणतोय ८ टक्के वर जा, हप्त्यात जेमतेम फरक पडेल. साठवलेले पैसे बरोब्बर डाउन पेमेंटपुरते आहेत. जाऊ का वर?

उत्तर : हप्त्यात नाही हो, तो फरक सरळ तुमच्या खिशातून जाणार. बँक आपला माणूस पाठवून घराची किंमत काढते, मग ती आणि तुमची ठरलेली किंमत यातली जी कमी असेल तीच साधारण लोनसाठी धरते. समजा बँकेने घर १०० चं धरलं आणि ८० टक्के लोन दिलं, तर तुमचे २०. तुम्ही १०८ बोललात तरी बँकेचे ८० च, तुमचे झाले २८, म्हणजे साठवलंय त्याच्या वर अजून ४० टक्के, आणि नोंदणी, वकील, सामान हलवणं हे सगळं वेगळंच. त्यात दहा जण बोली लावतात तेव्हा घर मिळतं ते बहुतेक वेळा सगळ्यात चढा अंदाज केलेल्याला, म्हणून ती दोन गेली याचं फार वाईट वाटून घेऊ नका.

पैशाशिवाय जिंकायची पण सोय असते. लोनची मंजुरी आधीच लेखी घेऊन ठेवा, विकणाऱ्याला व्यवहार मध्येच फिसकटायची जाम भीती असते. आणि त्याला सरळ विचारा, तुम्हाला घर कधी सोडायचंय? त्यालाही कुठेतरी जायचं असतं, तुम्ही त्याच्या तारखेला हो म्हणालात तर कधी कधी थोडी कमी ऑफरही चालून जाते. फक्त लवकर उरकायच्या नादात घराची तपासणी आणि कागद बघणं सोडू नका, एजंट घाई करेलच, त्याचं कमिशन अडकलंय ना.

आता लोनचं. २० वर्षं, ९ टक्के व्याज धरलं तर पहिल्या हप्त्यातला ८३ टक्के भाग नुसतं व्याज असतं, मुद्दल निम्मं व्हायला १४ वर्षं लागतात आणि शेवटी घेतल्याच्या दुपटीहून जास्त परत जातं (मी स्वतः हे आकडे पहिल्यांदा मांडले तेव्हा कॅल्क्युलेटर बिघडलाय असंच वाटलं होतं). पण दरवर्षी एक हप्ता जास्तीचा भरला तर साधारण साडेतीन वर्षं कमी होतात, म्हणून मुदतीआधी पैसे भरले तर दंड आहे का हे सही करायच्या आधीच विचारा.

आणि वरचे ८ पर्सनल लोनने भागवा असं एजंट म्हणाला तर ऐकू नका. बँक तो हप्ता तुमच्या पगारातून आधी वजा करते, मग होम लोनच कमी मंजूर होतं, म्हणजे त्या ८ पायी ८० पण मिळायचे नाहीत.