१९७२ च्या दुष्काळावर माहितीपट करताना

वृद्ध मजूर स्त्रीला खुर्चीत बसवून प्रश्न विचारण्यापेक्षा, तिने दुष्काळी कामावर खडी फोडली त्या पाझर तलावाच्या भरावावर तिच्यासोबत चालत जावे. लाल मिलोच्या (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरीची आणि सुकडीची (मजुरांना मिळणाऱ्या कोरड्या पूरक खाण्याची) आठवण तिथे आपसूक निघते, शिवाय हातोडा धरण्याची मनगटाची ढब कॅमेऱ्यात येते, जी प्रबंधाच्या तळटीपेत मावत नाही. मोकळ्या माळावर माइकला वाऱ्यासाठीचे आवरण मात्र हवेच. ‘आम्ही रोजगार हमीवर होतो’ असे ती म्हणाली, तर तिला टोकू नये. रोजगार हमीचा कायदा मात्र त्या दुष्काळानंतरचा, १९७७ चा असून तो १९७९ पासून अमलात आला, एवढे पडद्यावरील ओळीत द्यावे. पार्श्वसंगीत शक्यतो टाळावे. अंतिम संकलनापूर्वी चित्रफीत गावातच दाखवून आक्षेप नोंदवून घ्यावेत.