दोन पनीन्या सांगू की दोन पनीनी?

न्यू जर्सीहून एका वाचक बाईंनी विचारलंय: "रविवारी दुपारी आम्ही सगळे एका इटालियन रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेलो होतो. आत टेबलं आणि दर्शनी भागात डेली, म्हणजे तयार खाण्याचं दुकान. सँडविचं मागवायला मी मुलाला सहज म्हटलं, 'दोन पनीन्या सांग रे', तर मुलं खो खो हसत सुटली. नवरा म्हणतो, 'पनीनी' हेच मुळात अनेकवचन, एकाला 'पनीनो' म्हणायचं. बरोबर कोण? आणि डेलीला मराठीत काय म्हणावं?"

बाई, तुमच्या यजमानांचं इटालियन बरोबर आहे आणि तुमचं मराठी.

इटालियनमध्ये 'पाने' म्हणजे पाव. त्याचं लाडकं, लहान रूप 'पनीनो' आणि एकाहून जास्त झाले की 'पनीनी'. आपला पाव पोर्तुगीजांकडून आला, पण तोही मूळ लॅटिन 'पानिस'चाच वंशज. म्हणजे पनीनी आणि वडापावातला पाव ही चुलत भावंडंच. (पायाने पीठ तुडवतात म्हणून पाव, ही गोष्ट आजीने सांगितली असेल तर प्रेमाने ऐकायची आणि सोडून द्यायची.)

आता गंमत बघा. ई लावून अनेकवचन करायची रीत आपल्याकडेही आहे. अंडं–अंडी, केळं–केळी, भजं–भजी. त्या चालीवर यजमानांनी 'एक पनीनं, दोन पनीनी' म्हटलं असतं तर मी टोपी काढली असती. पण तसं कुणी म्हणत नाही, कारण आपल्याकडे शब्द आला तोच 'पनीनी' म्हणून. खायची ईकारान्त वस्तू म्हटली की मराठी कान तिला बाईमाणूस करून टाकतो: पोळी, भाकरी, इडली, चकली. मग वहिनी–वहिन्या तसं पनीनी–पनीन्या. यात हसण्यासारखं काय आहे?

आपल्या घरच्या भजीचंही हेच चाललंय. 'भजी मस्त झाल्येत' म्हणणारे आहेत तसे 'भजी मस्त झाल्ये' म्हणणारेही आहेत. याचं कारण क्रियापदात दडलंय. 'भजी तळली' आणि 'पोळी लाटली': एकीकडे नपुंसकलिंगी अनेकवचन, दुसरीकडे स्त्रीलिंगी एकवचन, पण शेवटी दोन्हीकडे 'ली'च. पुढे 'आहे' की 'आहेत' आल्याशिवाय कळतच नाही. अशा जागी शब्द हळूच पलीकडे सरकतात.

परक्या अनेकवचनाला एकवचन करणं ही तर आपली जुनी खोड. 'असामी' हे अरबीत अनेकवचन, नाव या अर्थाच्या 'इस्म'चं. आपण म्हणतो 'बडी असामी', आणि ती एकटीच असते. 'उमराव' हे 'अमीर'चं अनेकवचन, तरी आपल्या इतिहासात एकेकटे उमराव घोडा फेकत येतात. इटालियन लोकही काही वेगळे नाहीत. इंग्रजीतून घेतलेला 'बार' त्यांच्याकडे एक असो की दोन, 'बार'च राहतो. इंग्रजीचा 'स्' ते लावत नाहीत.

आणि ज्या डेलीच्या मागे बसून हा वाद झाला, ती स्वतःच अनेकवचन आहे! जर्मन 'डेलिकाटेसन' म्हणजे नाना चविष्ट जिनसा. अमेरिकेत त्या विकणाऱ्या दुकानालाच ते नाव पडलं आणि पुढे त्याचं शेपूट तुटून 'डेली' उरलं. शेवटचं 'एसन' म्हणजे जर्मनमधलं 'खाणं' असं बरेच जण सांगतात, पण ते तसं नाही. त्यातला नुसता शेवटचा 'न' अनेकवचनाचा प्रत्यय आहे. इटलीत अशा दुकानाला 'सालुमेरिया' म्हणतात. त्याच्या मुळाशी 'साले' म्हणजे मीठ. मांसाची सलामीही तिथलीच, खारवलेली. आपल्या सलामीच्या फलंदाजाशी तिचं काही नातं नाही. तो अरबी सलामातून आलेला. अर्थात जेवणाआधी येणाऱ्या अँटिपास्तोच्या ताटात सलामी बहुतेक वेळा असतेच, तेव्हा तिला सलामीचा पदार्थ म्हणायला माझी हरकत नाही.

मराठी प्रतिशब्दाचं म्हणाल तर पोळीभाजी केंद्र सगळ्यात जवळचं. तयार अन्न बांधून घ्यायचं, घरी जाऊन वाढायचं. पण वर टांगलेलं चीज, मशिनवर कागदासारखे पातळ उतरणारे मांसाचे काप, हातात नंबराची चिठ्ठी घेऊन ताटकळणारी गिऱ्हाइकं, हे पोळीभाजी केंद्रात मावत नाही. मी 'डेली'च म्हणेन. रोजच्या 'डेली'शी घोटाळा होईल ही भीती विभक्तीने मिटते: 'डेली जाते' वेगळं, 'डेलीत जाते' वेगळं.

काउंटरवर मात्र मराठी जपून वापरा. तिथे माल पौंडाने मिळतो. 'पाव पौंड सलामी आण' म्हणालात तर मुलगा ११३ ग्रॅम सलामी आणेल की पाव, पौंडभर सलामी आणि वर तुमच्याकडे बघून हसू, सांगता येत नाही. हा पाव संस्कृत 'पाद'मधला, चौथा हिस्सा; वडापावातल्या पावाचा कुणीच नाही.

जाता जाता एक काम यजमानांकडे सोपवते. इटालियनमध्ये 'लझान्या' (पास्त्याचे थर लावून भाजलेला पदार्थ) हे एकवचन आहे. आपल्या कानाला ते पनीन्यांसारखं अनेकवचन वाटतं. परवा माझ्या भाचीने ताटातला चौकोनी तुकडा संपवून आणखी 'एक लझानी' मागितली. तिला काय सांगायचं ते त्यांनी कळवावं.