20व्या आठवड्यात बायकोच्या सर्व्हिक्सची लांबी 22 मिमी आली आहे. टाका घालावा का? आई म्हणते, पूर्ण झोपूनच राहायला हवं.

झोपून राहण्याचं आधी सांगते. त्याने सर्व्हिक्सची, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाची, लांबी वाढत नाही, बाळ लवकर होणं टळतं असंही दिसलेलं नाही. उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

माझं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. कळा नाहीत, रक्तस्राव नाही. ओटीपोटात जड वाटायचं आणि अंगावरून पांढरं जास्त जायचं, एवढंच. तपासलं तेव्हा पिशवीचं तोंड उघडलं होतं. घरी मात्र सासूबाईंनी निकाल देऊन टाकला: जिने चढायची, नोकरी सोडली नाही, म्हणून गेलं. नणंदेने तेच सगळ्या नातेवाइकांत सांगितलं. रडायचं सोडून मी जिन्यांचा हिशेब देत बसले.

पुढच्या वेळी तिसरा महिना संपल्यावर डॉक्टरांनी पिशवीचं तोंड बंद राहावं म्हणून तिथे टाका घातला आणि 37व्या आठवड्यात काढला. मधल्या काळात मी त्यांना विचारून कामावर जात होते, जिनेही तेच होते. मुलगी पूर्ण दिवसांची झाली. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "या वेळी जपलीस ना!" टाक्याचं नावही नाही. मुंबईच्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी 1955 साली हा टाका जगापुढे मांडला. पडून राहून भागलं असतं तर त्यांनी एवढा खटाटोप कशाला केला असता?

तुमच्या बायकोची ही कितवी खेप, ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर आहे. आधी बाळ असंच गेलं असेल किंवा फार लवकर झालं असेल, तर 24 आठवड्यांच्या आत 25 मिमीपेक्षा कमी लांबीला टाक्याचा विचार होतो. पहिलीच खेप असेल तर सहसा आधी योनीमार्गे प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन देतात आणि आतून सोनोग्राफी करून लक्ष ठेवतात. 22 मिमी म्हणजे बाळ लवकर होणारच असं नाही.

पुढच्या तपासणीला आईंना सोबत न्या आणि झोपून राहण्याचं त्यांच्यासमोरच डॉक्टरांना विचारा. बायकोला एकटीला वाद घालायला लावू नका. माझ्या नवऱ्याने तेव्हा तोंड उघडायला हवं होतं, हे मी त्याला आजही सांगते.

जुळं असेल तर मात्र यातलं बरंच लागू होत नाही. आणि रक्त, पाणी जाणं, ताप किंवा पोट सारखं आवळून येणं, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.