सिव्हिल वॉरनंतर (म्हणजे १८६१-६५ च्या यादवी युद्धानंतर) अमेरिकेत राहणाऱ्या सगळ्यांनाच नागरिकत्व मिळालं का?

नाही, सगळ्यांना नाही मिळालं. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात सुप्रीम कोर्टाने काळे लोक नागरिक होऊच शकत नाहीत असं म्हटलं होतं, ते १८६८ च्या १४व्या घटनादुरुस्तीने पुसलं, म्हणजे अमेरिकेत जन्मला तो नागरिक. पण बाहेरून आलेल्यांचा कायदा वेगळा होता, त्यात १७९० पासून 'स्वतंत्र गोरा माणूस' अशी अटच होती. १८७० मध्ये सिनेटर चार्ल्स सम्नर यांनी 'गोरा' हा शब्दच काढून टाका म्हणून जोर लावला, पण चिनी मजूर नागरिक होतील या भीतीने पश्चिमेकडच्या सिनेटरांनी ते हाणून पाडलं आणि फक्त आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर घातली, माझ्या मते पुढच्या बऱ्याच अन्यायाचं मूळ इथंच आहे. त्यामुळे चिनी घरांत आईबाप परके आणि पोरगा नागरिक असं व्हायचं. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्कला १८९५ मध्ये चीनहून परतताना 'तू नागरिक नाहीस' म्हणून बंदरावरच अडवलं, तो १४व्या दुरुस्तीच्या जोरावर १८९८ ला सुप्रीम कोर्टात जिंकला. बाहेरून येऊन नागरिक होण्याचा दरवाजा भारतीयांना तर १९४६ ला उघडला. फक्त एक लक्षात घ्या, 'जन्मला तो नागरिक' यातून जमातींत जन्मलेले मूळनिवासी वगळलेले होते, त्यांना सरसकट नागरिकत्व १९२४ च्या कायद्याने मिळालं.