लॉटरीत नाव लागलं, आता घालायचं का?

प्रश्न: ताई, आम्ही न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये राहतो. मिस्टर एका ग्रोसरीत कामाला आहेत, मी पार्टटाइम करते, हातातोंडाची गाठ पडते एवढंच. मुलगा सप्टेंबरमध्ये किंडरगार्टनला जाईल आणि जवळच्या एका चार्टर शाळेच्या लॉटरीत त्याचं नाव लागलंय असा ईमेल आलाय. बिल्डिंगमध्ये कोणी म्हणतं ती प्रायव्हेट आहे, नंतर फी मागतील, कोणी म्हणतं तिथे मुलांना हूं की चूं करू देत नाहीत, आणि मिस्टर म्हणतात फुकट आहे म्हणजे काहीतरी खोट असणारच. मुलगा जरा चुळबुळ्या आहे, घरी आम्ही मराठीच बोलतो. शिवाय आमच्या कागदपत्रांचं अजून काही नक्की नाही, ते विचारतील का? – ब्रॉन्क्सची एक आई

उत्तर: आधी फीचं उरकून टाकू. चार्टर शाळा ही पब्लिकच शाळा आहे, सरकारी पैशावर चालते, फी घेता येत नाही, प्रवेशासाठी परीक्षा घेता येत नाही, आणि जागेपेक्षा अर्ज जास्त आले की लॉटरी काढावीच लागते. फरक इतकाच की ती शहराचं शिक्षण खातं चालवत नाही, तिचं स्वतःचं बोर्ड असतं आणि तिला एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांचा परवाना मिळतो, त्यालाच चार्टर म्हणतात. निकाल धड नाही आले तर परवाना रिन्यू होत नाही, शाळा बंदसुद्धा होते. अमेरिकेतला पहिला असा कायदा १९९१ला मिनेसोटात झाला, न्यूयॉर्कचा १९९८चा, म्हणजे कालपरवाची टूम नाहीये ही. युनिफॉर्मचे पैसे मात्र आधीच विचारून ठेवा, परवडत नसतील तर मदत मिळते का तेही विचारा, त्यात लाजायचं काही नाही.

कागदपत्रांचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने १९८२मध्येच सांगून ठेवलंय की इमिग्रेशनच्या कारणावरून मुलाला पब्लिक शाळेतून अडवता येत नाही, आणि चार्टरलाही ते लागू आहे. मुलाचं वय, पत्त्याचा पुरावा, लसीकरणाचा कागद एवढं मागतील. सोशल सिक्युरिटी नंबर कोणी मागितला तरी द्यायची गरज नाही.

आता मिस्टरांची शंका. फुकट आहे म्हणून खोट, हे काही खरं नाही, पण चार्टर आहे म्हणून भारी हेही खरं नाही. स्टॅनफर्डच्या क्रेडो या गटाने २०१५मध्ये ४१ शहरी भागांतल्या चार्टर शाळांचा अभ्यास केला, त्यात तिथली मुलं तशाच इतर मुलांपेक्षा गणितात वर्षाला साधारण ४० दिवसांच्या शिक्षणाइतकी आणि वाचनात २८ दिवसांइतकी पुढे दिसली, आणि गरीब घरातल्या काळ्या आणि लॅटिनो मुलांना जास्त फायदा झाला. बॉस्टनमध्ये लॉटरी लागलेली आणि न लागलेली मुलं यांची तुलना केली तिथेही फरक चांगला मोठा निघाला. पण ही सगळी सरासरी झाली हो, तुमचं पोरगं सरासरीत नाही एका वर्गात बसणार आहे, आणि काही चार्टर शाळा अगदी सुमार आहेत.

म्हणून मी पहिल्यांदा एकच गोष्ट बघेन, टेस्ट स्कोअरच्या पण आधी. कुठल्या इयत्तेत किती मुलं आहेत? राज्याच्या शिक्षण खात्याच्या डेटा साइटवर प्रत्येक शाळेचे आकडे असतात. किंडरगार्टनला शंभर आणि पाचवीला साठ असं दिसलं तर बाकीची चाळीस कुठे गेली ते विचारायचंच. शहरातली घरं बदलतात, लोक भाड्यामुळे उठून जातात, ते असतंच, पण कमी झालेल्या जागा वेटलिस्टवरून भरतात का? काही शाळा वरच्या वर्गात नवीन मुलं घेतच नाहीत, मग नको असलेली गळली की उरलेल्यांचे स्कोअर आपोआप छान दिसतात. २०१५मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने सक्सेस अकॅडमी या चार्टर शाळांच्या साखळीच्या ब्रुकलिनमधल्या एका शाळेत १६ मुलांची 'यांना घालवायचंय' अशी यादी होती ते छापलं होतं. सगळीकडे असं चालतं असं मी म्हणत नाहीये, पण चुळबुळ्या मुलाच्या आईने हे डोक्यात ठेवावं.

मग सस्पेन्शन किती होतात ते बघा, पाच वर्षांच्या मुलाला घरी पाठवतात का ते तोंडावर विचारा. 'आमच्याकडे शिस्त कडक आहे' हे अभिमानाने सांगणाऱ्या शाळा आहेत, काही मुलांना ते मानवतं, काहींचा पार चोळामोळा होतो. आणि तुम्ही दोघं कामावर असताना दुपारी फोन आला की घेऊन जा, तर कोण जाणार? पुढे कधी मुलाला शिकण्यात काही अडचण आहे का याच्या तपासणीची गरज वाटली तर ती लेखी मागा. स्पेशल एज्युकेशनचा कायदा चार्टरलाही बंधनकारक आहे, 'आमच्याकडे सोय नाही, दुसरी शाळा बघा' हे उत्तर चालत नाही.

भाषेचा फॉर्म येईल, घरी काय बोलता म्हणून. तिथे बिनधास्त मराठी लिहा. उगाच इंग्लिश लिहून पोरगं हुशार दिसेल असं काही नसतं, उलट त्याला मदत लागली तर ती मिळायची दारं आपणच बंद करतो.

टीचर दरवर्षी किती सोडून जातात हेही विचारा, बऱ्याच चार्टरमध्ये तरुण टीचर असतात, दिवस लांबलचक, दोन वर्षांत दमून जातात. आणि हेच सगळे प्रश्न घेऊन तुमच्या झोन्ड शाळेतही, म्हणजे पत्त्याप्रमाणे तुमच्या वाट्याला येणाऱ्या शहराच्या शाळेतही, जाऊन या, तिला न बघताच नापास करू नका. माझा कल विचाराल तर मुलं टिकत असतील आणि सस्पेन्शन कमी असतील तर घाला. नाहीच जमलं तर चार्टर सोडून शहराच्या शाळेत परत येता येतं, फक्त झोन्ड शाळेत जागा नसेल तर दुसरी कुठलीतरी देतील.

प्रश्न: आमचा वेटलिस्टवर ८७वा नंबर आहे. आशा सोडायची का? – हार्लेमचा बाबा

उत्तर: लगेच नको. एकेक घर पाच-सहा शाळांना अर्ज करतं आणि शेवटी एकाच ठिकाणी जातं, त्यामुळे ऑगस्टमध्ये आणि शाळा सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत यादी बरीच हलते. तोवर झोन्ड शाळेत नाव घालूनच ठेवा. फोन नंबर बदलला असेल तर शाळेला कळवा, स्पॅम फोल्डर बघत जा आणि त्या दिवसांत अनोळखी नंबर पण उचला, कारण उत्तर द्यायला फार वेळ देत नाहीत, पुढच्याला फोन लावून मोकळे होतात.