रंगाचं नंतर, आधी कड बघा

प्रश्न : आमच्या शाळेच्या माळ्यावर पाच ड्रमचा एक जुना सेट पडून आहे. बेस (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) २२ इंची, स्नेअर (खाली तारा ताणलेला ड्रम) १४ इंची. रिंगांवर गंज आहे, हेड (ड्रमवर ताणलेले पडदे) फाटलीत, स्नेअरचे दोन स्क्रू गायब आहेत आणि क्रॅश झांजेला कडेला बोटभर तडा गेलाय. स्नेहसंमेलनात सातवीच्या मुलांनी तो वाजवावा अशी इच्छा आहे. मुख्याध्यापक म्हणतात, ऑइलपेंट मारून घेऊ. बजेट बेताचं आहे. काय करावं?
– एक संगीतशिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : बाई, ते ऑइलपेंटचं डबडं आधी लांब ठेवा. ड्रमचा आवाज ठरतो शेलच्या, म्हणजे ड्रमच्या लाकडी पिंपाच्या, कडेवर, जिथं हेड टेकतं त्या धारेवर. तिथं रंगाचा थर चढला की हेड एकीकडं टेकतं, एकीकडं अधांतरी राहतं, मग कितीही आवळा, ड्रम घोगराच बोलणार. मुख्याध्यापकांना सांगा, लोकांना समोरून दिसतं ते बेसचं पुढचं हेड. त्यावर शाळेचं बोधचिन्ह लावू. त्यांचंही मन राहील.

कड तपासायची असेल तर सगळं उतरवा. खोलण्याआधी मोबाईलवर फोटो काढा आणि प्रत्येक ड्रमचे स्क्रू वेगळ्या पिशवीत ठेवा. मग शेल ग्रॅनाइटच्या ओट्यावर उपडा ठेवा, आत मोबाईलची बॅटरी लावा आणि खोलीतला दिवा घालवा. कडेखालून जिथं उजेड पाझरेल तिथं खोट आहे. जरासं चेचलेलं असेल तर लाकडाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून भरा, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर अलगद फिरवा. पूर्ण कडच वाकडी असेल तर मात्र ओळखीच्या सुताराकडून रंधा मारून घेऊ नका. कडेला उतार असतो, तो गेला की शेल गेला. असा एखादा टॉम (बेस-स्नेअर सोडून उरलेल्यातला ड्रम) निघाला तर बाजूला ठेवा. चार ड्रमवरही कार्यक्रम झकास होतो.

स्क्रूसाठी हार्डवेअरच्या दुकानात जाऊ नका. बहुतेक ड्रमच्या रॉडची, म्हणजे हेड आवळणाऱ्या या स्क्रूंची, जाडी साडेपाच मिलिमीटरच्या आसपास असते, आणि इंचाला २४ आटे. पाचचा बोल्ट ढिला पडतो, सहाचा शिरत नाही. जोर केला तर आतला नट जातो. वाद्यांच्या दुकानात नाहीच मिळाले तर एक धड रॉड खिशात घालून उद्यमनगरात जा. तिथल्या लेथवाल्याला दोन रॉड काढणं काहीच नाही. फक्त नमुना हातात द्या, माप तोंडी सांगू नका. बाकीचे गंजलेले रॉड रात्रभर डिझेलमध्ये टाका. रिंगांना ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा व्हिनेगरमध्ये बुडवून घासा, कोरड्या करून मशीनच्या तेलाचा हात फिरवा. खड्डे पडलेत तिथं चमक येणार नाही. नाही तर नाही.

पैसे खर्चायचे ते हेडवर. इथं एक चूक फार होते: स्नेअरच्या खाली वरचंच हेड लावतात. वाजवायचं हेड साधारण पाव मिलिमीटर जाड असतं, खालचं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंसुद्धा नाही. म्हणून दुकानात ‘स्नेअर साइड’ म्हणूनच मागा, नाहीतर तारा कुरकुरणारच नाहीत आणि तुम्ही तारांना दोष देत बसाल. लावताना सगळे रॉड आधी बोटांनी टेकवा, मग चावीनं समोरासमोरची जोडी घेत अर्धा-अर्धा फेरा द्या. नंतर प्रत्येक रॉडजवळ काठीनं हलकेच वाजवा, सगळीकडं एकच सूर यायला हवा. संगीताच्या बाईंना कान कसा लावायचा ते मी काय सांगणार!

झांजेचा तडा जिथं संपतो, बरोबर तिथं तीन मिलिमीटरचं भोक पाडून घ्या. तडा पुढं सरकायचा थांबतो, जुना आवाज मात्र परत येत नाही. झांज साधी पितळी असेल तर हाही खटाटोप नको. काशाची असेल तर करा.

हलगीचं कातडं पावसाळी हवेत सैल पडतं, शेकावं लागतं. ही हेड पॉलिएस्टरची, त्यांना दमट हवेचं काही नाही. लाकूड आणि लोखंड मात्र भोगतं. त्यामुळं सेट परत माळ्यावर नको, आणि वर प्लॅस्टिकचा कागदही नको, आत पाणी धरतं. जुनी सुती चादर पुरे. सरावाच्या वेळी बेसच्या पोटात एक वाकळ कोंबा, नाहीतर शेजारच्या वर्गातले गणिताचे सर पहिल्याच दिवशी दारात उभे राहतील.