रत्नपेटी : आजीचा पाचू ‘पाचू नाही’ म्हणे

(या सदरात मी वाचकांच्या खड्यांविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देते. रत्नतपासणीच्या टेबलावर माझी अठ्ठावीस वर्षं गेली. या वेळी तुरमलीबद्दल, म्हणजे टूर्मलीनबद्दल, बरीच पत्रं आली आहेत.)

प्रश्न : आजीची अंगठी माझ्याकडे आली. गर्द हिरवा, लांबट चौकोनी खडा. घरात सगळे त्याला पाचू म्हणायचे. आता तपासणीत ‘टूर्मलीन’ निघाला. आजोबांना कुणी फसवलं का? मोडीत काढू का? — एक वाचक, सातारा

मोडीत अजिबात काढू नका. आणि आजोबांना मुद्दाम फसवलं, असंही एवढ्यावरून म्हणता येत नाही. हिरव्या तुरमलीला पाचू समजण्याची चूक शेकडो वर्षं होत आली आहे. ब्राझीलमधून युरोपात गेलेले हिरवे खडे कित्येक पिढ्या पाचू म्हणूनच विकले गेले. लाल तुरमलीचंही तेच झालं. स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याने 1777 साली रशियाच्या कॅथरिन राणीला एक मोठा लाल खडा भेट दिला. तो माणिक म्हणून मिरवला आणि पुढे तुरमली निघाला. राजेरजवाड्यांचे जाणकार चुकले, तिथे सातारच्या बाजारातल्या एखाद्या सराफाला काय बोल लावायचा?

खात्री तुम्हाला घरीही करता येईल. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. खडा स्वच्छ पुसा, वरच्या सपाट पैलूतून आत पाहा आणि नजर तळाच्या पैलूंच्या कडांवर ठेवा. कडा जोडीने दिसतील, पट्टी धरून ओढलेली रेघ पट्टी केसभर सरकवून पुन्हा ओढावी तशा. एका दिशेने दिसल्या नाहीत तर खडा थोडा तिरका करा. तुरमलीत शिरलेला प्रकाश दोन वाटांनी जातो आणि त्या दोन वाटांच्या वक्रीभवनांकातला (प्रकाश किती वाकतो ते सांगणाऱ्या आकड्यातला) फरक 0.018 ते 0.020 असतो. पाचूत तो जेमतेम 0.006, म्हणून तिथे कडा एकेरीच दिसतात. काचेत तर फरकच नसतो.

खडा लांबट का, हेही सांगते, कारण मला तुरमलीचं सगळ्यात जास्त अप्रूप याच गोष्टीचं आहे. शिकत असताना माझ्या हातात पहिल्यांदा कच्ची हिरवी तुरमली आली. झिजलेल्या पेन्सिलीएवढा स्फटिक होता. बोटांत फिरवला की अंगावरच्या उभ्या खाचा नखाला लागत. टोकाकडून आकार पाहिला तर त्रिकोण, पण तिन्ही बाजू फुगलेल्या. बाजूने उजेडात धरला तेव्हा कोवळ्या आंब्याच्या सालीसारखा हिरवा दिसला. मग तोच टोकाकडून खिडकीसमोर धरला, तर काळाकुट्ट! उजेड पार जाईचना. लांबीच्या दिशेने जाणारा प्रकाश तुरमली फार शोषते. म्हणून गडद माल हाती आला की कारागीर वरचा पैलू स्फटिकाच्या लांबीला समांतर ठेवतो आणि खडा आपोआप लांबट होतो. तुमच्या अंगठीतला आकार म्हणजे त्या अनोळखी कारागिराने दगड ओळखून घेतलेला निर्णय आहे. त्याने तरी तो पाचू समजून कापला नसावा, असं मला वाटतं.

बुधासाठी पाचूऐवजी हिरवी तुरमली उपरत्न म्हणून घालतात. त्यावर बोलण्याचा अधिकार माझा नाही. खडा कोणता, एवढं मी सांगू शकते. बिलावर मात्र ‘तुरमली’ असंच लिहून घ्यावं.

प्रश्न : काळ्या तुरमलीचं ब्रेसलेट घातलं की मोबाइलच्या लहरींपासून संरक्षण होतं का? केस वाळवायच्या यंत्रावरही ‘टूर्मलीन’ लिहिलेलं असतं. — एक वाचक, ठाणे

लहरी अडत नाहीत. मोबाइलशेजारी तुरमली ठेवा, फोन व्यवस्थित लागतो, यातच उत्तर आलं. त्या पैशांत रंगीत तुरमलीचा एखादा छोटा खडा घ्या, असं मी सुचवेन.

पण हा समज ज्या गुणावरून पसरला तो गुण खरा आहे. तुरमली तापली किंवा थंड होऊ लागली की तिच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्याला ऋण विद्युतभार येतो. ज्वेलरच्या काचेच्या कपाटात दिव्यांची ऊब लागते, तेव्हा इतर खड्यांपेक्षा तुरमलीवर धूळ जास्त बसते. तिथे काम करणाऱ्या मुलींना विचारा, फडकं कुठे जास्त फिरवावं लागतं. मी घरी देवघरातली उदबत्तीची राख वापरून पाहिलं आहे. सुटा स्फटिक हातात चोळून कोमट केला आणि राखेच्या कणांजवळ नेला, तर दोन-चार कण उडून चिकटले. श्रीलंकेहून हे दगड नेणाऱ्या डच लोकांनी याचं नावच ‘राख ओढणारा’ ठेवलं होतं. पाइपातली राख ते याने काढत. ‘टूर्मलीन’ हा शब्दही सिंहली ‘तोरमल्ली’वरून आला. 1880 साली प्येर आणि जाक क्युरी या भावांनी दाखवलं की नुसत्या दाबानेही असा भार तयार होतो. त्यामुळे पाण्याखालच्या स्फोटांचा दाब मोजायच्या उपकरणांत तुरमली वापरली गेली. मनगटावर मात्र तापमान आणि दाब जवळजवळ स्थिर असतात. भार यायला बदल लागतो.

प्रश्न : आम्ही नाशिककडे झिओलाइट या खनिजाचे नमुने जमवतो. आपल्या डोंगरात तुरमली मिळेल का? आणि आत गुलाबी, बाहेर हिरवी अशी ‘कलिंगडी’ तुरमली चिकटवलेली असते का?

सह्याद्रीच्या बेसॉल्टात, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळात, ती शोधू नका. तुरमलीला बोरॉन लागतं. ग्रॅनाइटचा रस थिजत आला की ते शेवटच्या उरल्यासुरल्या द्रवात साठतं आणि पेग्मटाइट या भरड कणांच्या खडकाच्या शिरांत स्फटिक तयार होतात.

कलिंगडी रंग नैसर्गिक असतो. स्फटिक वाढत असताना भोवतालच्या द्रवातली द्रव्यं बदलत गेली, मॅंगनीजने गाभा गुलाबी झाला आणि पुढे लोहामुळे कड हिरवी आली. अशा स्फटिकाच्या आडव्या चकत्या कापून नुसत्या घासून विकतात. भिंगाखाली दोन रंगांची सीमा पाहा. खऱ्या चकतीत बहुधा एक रंग दुसऱ्यात विरत जातो, बऱ्याचदा मध्ये फिकट पट्टाही असतो. चिकटवलेल्यात धारदार रेघ आणि चपटे बुडबुडे दिसतात.

पाराइबा नावाच्या निळ्या तुरमलीबद्दलही विचारलं आहे. तो विजेसारखा निळा रंग तांब्यामुळे येतो. 1980 च्या दशकात ब्राझीलच्या पाराइबा राज्यात ती सापडली, पुढे नायजेरिया आणि मोझांबिकमधूनही आली. प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र नसेल तर त्या नावाने एक रुपयाही देऊ नका.

प्रश्न : तुरमलीचे दागिने कसे धुवावेत? — एक वाचक, कोल्हापूर

कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी दागिने धुणारं) यंत्र नको, वाफही नको. लाल-गुलाबी तुरमलीत चिरा मुळातच जास्त असतात आणि कित्येकदा त्या तेलाने किंवा राळेने भरलेल्या असतात.

माझी स्वतःची गुलाबी तुरमलीची अंगठी मी माप वाढवायला दिली होती. खडा काढून मग सोनं तापवून जोडा, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं आणि कारागिरानेही तो काढला नाही. अंगठी परत आली तेव्हा खड्यात या काठापासून त्या काठापर्यंत पांढरी चीर गेली होती. आजही मी ती घालते. पण तुम्ही अंगठी देताना ‘खडा आधी काढा’ हे तोंडी सांगा आणि पावतीवरही लिहून घ्या.